स्क्रीन बंद, गाणं सुरू

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आराखडे काढण्याचं काम करतो. दिवसाचा बराचसा वेळ संगणकापुढे एकट्याचाच जातो. आमच्याकडे हेडफोन लावायला मनाई नाही. फोन मात्र मीच ड्रॉवरमध्ये ठेवतो, कारण गाणं बदलायला तो हातात घेतला की निरोप वाचण्यातच वेळ जातो. घरी स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र (हँडहेल्ड), आहे. माझा सगळा संगीतसंग्रह त्यावर मावतो, म्हणून तो कामावर नेऊन पाहिला. पॉवरचं बटण दाबून स्क्रीन घालवली की गाणंही थांबतं. स्क्रीन चालू ठेवली तर बॅटरी उतरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं की मी खेळत बसलोय. मित्र म्हणतो, एखादा साधा प्लेअर घे आणि मोकळा हो. डेकचा नाद सोडू का?

उत्तर : सोडू नका. मी मुद्रितशोधनाचं काम करते आणि माझ्याही टेबलावर गाण्यांसाठी डेकच असतो. तेव्हा हे उत्तर नुसत्या माहितीवरून देत नाहीये.

तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात, पण तिन्ही त्या स्क्रीनपाशीच येऊन थांबतात. स्क्रीन विझवून आवाज चालू ठेवता आला की बाकीचं आपोआप मार्गी लागतं. आधी पॉवरच्या बटणाचं पाहू. ते नुसती स्क्रीन घालवत नाही, सबंध यंत्राला झोपवतं. प्रोसेसर थांबतो आणि तेवढ्या क्षणाची स्थिती मेमरीत जपून राहते. चालू खेळ अर्ध्यात सोडून नंतर तिथूनच उचलता यावा म्हणून ही सोय केली आहे, आणि खेळासाठी ती उत्तमच आहे. गाण्याला मात्र प्रोसेसर जागा लागतो. २००४ साली आलेल्या सोनीच्या पीएसपीवर डिस्प्लेचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की फक्त स्क्रीन विझायची आणि गाणी चालू राहायची. डेकला असं वेगळं बटण दिलेलं नाही, ते काम आपल्याला सेटिंग्जमधून करून घ्यावं लागतं.

पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, येणाऱ्या यादीतून डेस्कटॉप मोड निवडा. आता समोर केडीई प्लाझ्मा नावाचा पूर्ण लिनक्स डेस्कटॉप येईल. त्याच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये पॉवर मॅनेजमेंट उघडा. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या दिलेल्या आहेत : काही वेळ हात लागला नाही तर यंत्राने झोपावं का, आणि स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी. पहिल्याला ‘काही करू नको’ सांगा आणि दुसऱ्याला शक्य तितका कमी वेळ द्या. चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना या सेटिंग्ज वेगळ्या असतात, त्यामुळे दोन्हीकडे जाऊन बदला. यानंतर पॉवरच्या बटणाला हातच लावायचा नाही. गाणं लावा, यंत्र ठेवून द्या, स्क्रीन आपली आपण विझेल. डेकच्या नेहमीच्या गेमिंग मोडमध्येही झोपेची वेळ बंद करता येते, पण तिथे स्क्रीन मंद होऊन तेवत राहते. म्हणून कामाच्या जागी डेस्कटॉप मोडच बरा.

गाणी वाजवणारा प्लेअर डेस्कटॉपवरच्या डिस्कव्हर या प्रोग्रामच्या दुकानातून घ्या. तिथून घेतलेले प्रोग्राम फ्लॅटपॅक प्रकारचे असतात आणि स्टीम ओएसचा, म्हणजे डेकच्या मूळ सिस्टिमचा, नवा अपडेट आला तरी जागेवर राहतात. मूळ सिस्टिमच्या भागात स्वतः काही बसवलं तर ते अपडेटमध्ये पुसलं जाऊ शकतं, त्या वाटेला जाऊ नका. माझी पसंती स्ट्रॉबेरीला आहे. पूर्वी लिनक्सवर अमारोक हा प्लेअर वापरलेल्यांना तो ओळखीचा वाटेल : अमारोकच्या जुन्या रूपावरून क्लेमेंटाइन झाला आणि क्लेमेंटाइनवरून स्ट्रॉबेरी. फोल्डर दाखवला की संग्रह अल्बमवार लावतो, एफएलएसी (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) फायली वाजवतो, दोन गाण्यांमध्ये खंड पडू देत नाही आणि काल जिथे थांबलो तिथून आज सुरू करण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे. अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या माणसाला याहून अधिक काही लागत नाही. एलिसा हा प्लेअर दिसायला साधा आहे, व्हीएलसीही चालेल.

आता बटणांकडे येऊ, कारण डेक कामावर न्यावा असं मला वाटतं ते बटणांमुळेच. त्याच्या पाठीमागे चार बटणं आहेत : डावीकडे एल-४ आणि एल-५, उजवीकडे आर-४ आणि आर-५. डेस्कटॉपवर ती बहुतेकांकडून पडूनच राहतात. स्टीम या खेळांच्या प्रोग्रामच्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप लेआउट’ असतो. तो उघडून या बटणांना कीबोर्डवरच्या माध्यम-कळा नेमून द्या. माझ्याकडे आर-४ म्हणजे पुढचं गाणं, एल-४ म्हणजे मागचं, आर-५ म्हणजे थांब किंवा चालू. यासाठी डेस्कटॉप मोडमध्येही स्टीम मागे चालू असावं लागतं. ते बंद केलंत तर उजवा ट्रॅकपॅड माउससारखा चालत राहील, पण पाठीमागची बटणं मुकी होतील. बटण दाबल्यावर स्क्रीन उजळली तर पुन्हा विझायची वाट पाहा, आणि ब्राइटनेस आधीच तळाशी नेऊन ठेवा. ओएलईडी डेक असेल तर प्लेअरला आणि डेस्कटॉपला काळा रंग द्या, कारण त्या स्क्रीनचे काळे ठिपके उजळतच नाहीत.

यातून काय मिळतं ते सांगते. डोळे कागदावरून किंवा आराखड्यावरून न हलवता डावा हात बाजूला जातो, बोटांना बटण सापडतं, गाणं पुढे सरकतं. फोनच्या गुळगुळीत काचेवर हे जमत नाही. तिथे बघावंच लागतं आणि बघितलं की निरोप दिसतो. तुमचा फोन ड्रॉवरमध्ये जातो तो याच कारणाने, आणि तुम्ही ते अगदी बरोबर करता.

एक बटण थांबण्यासाठी राखून ठेवा असं मी आवर्जून म्हणते. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला, टीपीएस-एल२. त्यावर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. कानाला काही लावून माणसांत बसायचं तर अशी सोय हवी, हे तेव्हाच ओळखलेलं होतं. कुणी टेबलाशी आलं की आर-५ दाबा आणि हेडफोन कानावरून काढा. नुसता आवाज कमी करून अर्धवट ऐकू नका. समोरच्याला ते लगेच कळतं आणि लागतं.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची, ओएलईडीची ५०. व्हॉल्व्ह कंपनी खेळताना पहिलीवर २ ते ८ तास आणि दुसरीवर ३ ते १२ तास सांगते. एवढा फरक पडतो तो खेळ किती जड आहे त्यावर. गाणं वाजवणं हे या यंत्रासाठी अतिशय हलकं काम आहे. स्क्रीन विझलेली, वाय-फाय बंद आणि सगळं मिळून ५ वॉट खर्च होत असतील असं धरलं, तर ४० वॉट-अवरमध्ये ८ तास निघतात, ५० मध्ये १०. वाय-फाय बंद करताना एअरप्लेन मोड लावू नका, त्याने ब्लूटूथही जातं आणि बिनतारी हेडफोन गप्प होतात. तारेचे हेडफोन वापरत असाल तर ३.५ मिमीचा जॅक आहेच. तो वरच्या कडेला आहे, तेव्हा एल आकाराच्या पिनचे हेडफोन घेतलेत तर तार उभी राहून कपाला अडकणार नाही.

दिवसभर चार्जर लावूनच ठेवायचं असेल तर स्टीम ओएस ३.७ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. मे २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उबेत राहिली की लवकर म्हातारी होते. टेबलावर तारेला जोडून राहणाऱ्या यंत्राची नेमकी तीच स्थिती असते. चार्जर तुमचा स्वतःचा आणि भिंतीतल्या सॉकेटला लावलेला असावा. कामाच्या संगणकाच्या यूएसबीला डेक जोडू नका. बाहेरचं यंत्र जोडलेलं सुरक्षेच्या नियमात बहुतेक ठिकाणी बसत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

यंत्र ठेवायचं कसं, हेही बघा. हवा आत घेणारी जाळी पाठीवर आहे आणि बाहेर टाकणारी वरच्या कडेला. पालथा घातला तर अंगठ्याने फिरवायच्या स्टिकवर भार येतो, उताणा ठेवला तर जाळी झाकते. तिरपा ठेवणारा एखादा स्टँड घ्या. चालू डेक त्याच्या पिशवीत बंद करून ड्रॉवरमध्ये ढकलणं हा लोकांच्या नजरेवरचा सोपा उपाय वाटेल, पण उष्णतेला तिथे वाटच राहत नाही. ते करू नका.

राहता राहिले लोक. त्यांना एकदाच आणि आपणहून सांगा : हे मी गाण्यांसाठी आणतो, स्क्रीन बंद असते, वाटलं तर बघा. वरिष्ठांना आधी सांगा, शेजारच्यांना नंतर. आणि मग जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्यावर खेळू नका. हे मी गंभीरपणे सांगते. एकदा कुणी तुम्हाला त्या जागी खेळताना पाहिलं की पुढे विझलेली स्क्रीनही संशयास्पद दिसते. मी कामाच्या यंत्रावरचे खेळच काढून टाकले आहेत, जागा गाण्यांना मिळाली. तुम्ही संध्याकाळी त्याच डेकवर खेळत असाल तर तेवढं करायला नको, सवय पाळलीत तरी पुरे.

तुमच्या मित्राचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे. काम फिरतीचं असेल तर डेक उपयोगाचा नाही. पहिला वॉकमन ३९० ग्रॅमचा होता, एलसीडी डेक ६६९ ग्रॅमचा आहे. तो खिशात जात नाही, कमरेला लटकत नाही. पण तुम्ही एका जागी बसता, यंत्र तुमच्याकडे आहे, आणि आजकाल साधे प्लेअर कमीच उरलेत. ॲपलने आयपॉड टच बंद केल्याचं मे २०२२ मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षी फेब्रुवारीत डेक बाजारात आला होता. स्वतःच्या फायली, स्वतःच्या क्रमाने, इंटरनेटशी न जोडता ऐकायच्या असतील तर आहे ते यंत्र त्यासाठी नीट लावून घेणं मला नवं यंत्र विकत घेण्यापेक्षा पटतं.

प्रश्न : फोनमधलं गाण्यांचं मायक्रोएसडी कार्ड डेकमध्ये घातलं तर तो फॉरमॅट करायचं का विचारतो. दुसऱ्या कार्डावर गाणी भरली तर ती डेस्कटॉपवर दिसतात, पण प्लेअरला सापडत नाहीत.

उत्तर : फॉरमॅटला होकार देऊ नका, कार्डावरचं सगळं जाईल. गेमिंग मोडला कार्ड खेळांसाठी हवं असतं, म्हणून तो स्वतःच्या पद्धतीने, म्हणजे ईएक्सटी-४ मध्ये, बांधून घ्यायला बघतो. डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन डॉल्फिन या फाइल व्यवस्थापकातून तेच कार्ड उघडा आणि गाणी आधी डेकच्या म्युझिक फोल्डरमध्ये उतरवून घ्या. कार्ड कायमचं डेकमध्येच राहणार असेल तर त्यानंतर डेकला ते फॉरमॅट करू द्या आणि गाणी परत भरा. फक्त एक ध्यानात ठेवा, असं कार्ड विंडोज संगणक सहजासहजी वाचणार नाही.

दुसऱ्या कार्डाचं कारण वेगळं आहे. फ्लॅटपॅक प्रोग्राम कुंपणात चालतात, परवानगी नसलेले फोल्डर त्यांना दिसत नाहीत. डिस्कव्हरमधून फ्लॅटसील घ्या, त्यात तुमचा प्लेअर निवडा आणि फाइलसिस्टिमच्या भागात ‘/रन/मीडिया’ हा मार्ग जोडा (तो अर्थात रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायचा). प्लेअर बंद करून पुन्हा उघडा.

जागेची काळजी करू नका. सीडीच्या दर्जाची एफएलएसी फाइल तासाला साधारण ४०० एमबी धरली तरी २५६ जीबीच्या कार्डावर ६०० तासांहून अधिक संगीत बसतं. ३२० केबीपीएसच्या एमपी-३ ला तासाला १४४ एमबी लागतात. आणि तुम्ही स्टीमवर खेळांचं संगीत विकत घेतलं असेल तर ते आधीच तुमच्या यंत्रावर असू शकतं : ‘स्टीमॲप्स’ फोल्डरमध्ये ‘म्युझिक’ नावाचा फोल्डर शोधा. त्याकडे प्लेअरला बोट दाखवलं की झालं. वाचनाच्या कामाला मी हेच संगीत लावते. शब्द असलेलं गाणं वाचलेलं लक्षात ठेवण्याच्या आड येतं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. सलामे आणि बॅडली या संशोधकांच्या १९८९ च्या प्रयोगांतही गायलेल्या संगीताने अल्पकाळ स्मरणात जास्त व्यत्यय आणला, वाद्यसंगीताने कमी.

प्रश्न : माझ्याकडे विंडोजवर चालणारा आरओजी अलाय हा हँडहेल्ड आहे. तुमची युक्ती त्याला लागू पडते का?

उत्तर : विचार तोच, सेटिंग्जची जागा वेगळी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागात पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते निवडता येतं. तिथे ‘स्लीप’ऐवजी ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’ ठेवा. म्हणजे तुम्हाला ते बटणच वापरता येईल, या बाबतीत तुम्ही डेकवाल्यांच्या पुढे आहात. शिवाय आपोआप झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. विंडोजचे अपडेट कामाच्या वेळेत सुरू होऊ नयेत म्हणून वाय-फाय बंदच असू द्या. जुन्या अलायची बॅटरी ४० वॉट-अवरची, अलाय एक्सची ८०. जुना असेल तर चार्जर सोबत ठेवा.

प्रश्न : आठ तास हेडफोन लावले तर कानांना त्रास होईल का? दुपारनंतर आवाज वाढवावासा वाटतो.

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये ऐकण्याच्या यंत्रांसाठी एक मानक केलं. त्यात प्रौढांसाठी मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. म्हणजे कामाचा पूर्ण आठवडा हेडफोन लावले तर तेवढ्यातच मर्यादा संपते, घरी ऐकण्यासाठी काही उरत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०. दुपारनंतरचा तुमचा तो थोडासा वाढवलेला आवाज यात मोडतो.

डेसिबल दाखवणारा आकडा हँडहेल्डवर नसतो, म्हणून उपाय दुसरीकडून करायचा. सकाळी शांत खोलीत जो आवाज पुरेसा वाटला, त्याची खूण लक्षात ठेवा आणि दिवसभर तिच्या वर जाऊ नका. आजूबाजूचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज वाढवावा लागत असेल तर कानात घट्ट बसणारे किंवा गोंगाट कमी करणारे हेडफोन घ्या. प्लेअरमध्ये रीप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, चालू करा. एक अल्बम हळू आणि एक मोठ्याने वाजतो, हळूसाठी आवाज वाढवला जातो आणि तो तिथेच राहतो, ही चढण रीप्लेगेनने थांबते. आणि मधले काही तास कान मोकळे ठेवा. मी अल्बम संपला की दुसरा लगेच लावत नाही. कानात घंटेसारखा आवाज राहत असेल, किंवा बोलणं बोथट ऐकू येत असेल, तर सेटिंग्जशी खेळत बसू नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी एका गटाची प्रमुख आहे. एका सहकाऱ्याने टेबलावर असंच खेळाचं यंत्र ठेवलंय, म्हणतो गाण्यांसाठी आहे. काम त्याचं वेळेवर असतं. तरी हरकत घ्यावी का?

उत्तर : काम वेळेवर आहे आणि हेडफोनला तुमच्याकडे परवानगी आहे, तर यंत्राच्या आकारावर हरकत घेऊ नका. फोनवरून ऐकणाऱ्याला तुम्ही काही विचारत नाही, आणि त्या फोनवरही खेळ असतातच. दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचारा. ते यंत्र कार्यालयाच्या नेटवर्कला किंवा संगणकाला जोडलेलं आहे का? जोडलेलं असेल तर काढायला सांगा. आणि हाक मारली तर त्याला ऐकू येतं का? जिथे गोपनीयतेमुळे फोन आत नेता येत नाहीत, तिथे स्टीम डेकला कॅमेरा नाही एवढ्यावर परवानगी देऊ नका. त्यात मायक्रोफोन आहे, साठवण आहे, वाय-फाय आहे. सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांकडून लेखी होकार घ्या. बाकी ठिकाणी त्याला जवळ बोलावून हे विचारलंत आणि उत्तरं नीट मिळाली, तर विषय तिथेच मिटवा आणि गटातल्या इतरांनाही तेच नियम सांगा.